आईसक्रीमची बादली

गळाला लावायची गांडुळं घ्यायला ओरेस्ट दुकानातल्या रांगेत उभा होता. पुढ्यात एक म्हातारं जोडपं हुज्जत घालत होतं.

“इतकी गांडुळं कशाला, एइनार? तू तर मासे धरत नाहीस.”

“सापाच्या पिल्लांना गं. बारीक चिरून घालायची.”

“मला जन्मात कधी कांदा चिरून दिला नाहीस!”

“तू बिचकत नाहीस, सिग्गा. ती नव्या घरात आलीत. काही दिवस हातसुद्धा लावायचा नाही. ओलं शेवाळ, पाणी आणि दडायला जागा, बस्स.”

“आणि घर कुठलं? माझं पातेलं घेतलं असशील तर बघ!”

“छे! आईसक्रीमची रिकामी बादली. झाकणाला बारीक भोकं पाडून ओट्यावर ठेवलीय.”

“ओट्यावर? ओट्यावर माझ्या कोबीच्या सॅलडची तसलीच बादली होती!”

“ती मी फ्रिजमध्ये सरकवली.”

“अरे देवा! मग चर्चच्या सुगीच्या जेवणाला मी काय पोचवून आले?”

“विषारी नाहीत गं ती.”

“ते तू पाद्रीबाबांना सांग!”

ओरेस्टने घाईघाईने बायकोला फोन लावला.

“डार्का, चर्चच्या स्वयंपाकघरातच आहेस ना? कोबीच्या सॅलडला हात लावू नकोस!”

“का रे? चव तरी बघू दे. हे बघ, झाकण काढलंच—”

पुढचं सगळ्या रांगेला ऐकू गेलं. एइनार गर्रकन वळला.

“अहो, ओरडू नका म्हणावं त्यांना! पिल्लं आत्ताच कुठे रुळत होती.”