‘हां’ कोण म्हणालं?

हसू नका रे, त्या दिवशी माझी खरंच तंतरली होती. अंबडच्या शेडमध्ये माझा ग्राइंडर आणि माझ्या जोडीदाराचा, रघूचा लेथ, दोन्हींना मोटरचा स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह एकच. तो या मशीनवरून त्या मशीनला जोडायला मध्ये एक स्विच. मशीन चालू असताना तो स्विच फिरवला, की ड्राइव्ह जळालाच! म्हणून नियम ठरलेला: आधी ‘फिरवू का?’ विचारायचं, ‘हां’ आल्यावरच हात लावायचा.

मी दोनदा ओरडलो. मागून ‘हां!’ आलं. स्विच धरला आणि बघतो तर लेथ गरगर फिरतोय! झटक्यात हात मागे घेतला. तेवढ्यात रघू चहा घेऊन बाहेरून आला.

“मग हां कोण म्हणालं?” मी विचारलं.

पंपाचा शाफ्ट दुरुस्तीला आणलेले लासलगावचे काका कोपऱ्यातून म्हणाले, “मीच. तुम्ही दोनदा इचारलं, कोनीच बोलंना. बरं दिसंना मला.”