पुरणपोळी आणि गळकं छप्पर

अगं, दोन हजार चार साली पोकोनोजच्या डोंगरात जुनं लाकडी केबिन घेतलं ना आम्ही, त्याचं छप्पर पार गळत होतं. बर्फ पडायच्या आत दुरुस्त करायचं होतं. छपरवाला जिम आला, तर पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी त्याला आधी जेवायलाच बसवलं. आग्रह करकरून तुपात भिजलेल्या पुरणपोळ्या वाढल्या. जिम बाहेर लाकडी डेकवर जो आडवा झाला, तो संध्याकाळी उठून थेट घरी गेला.

मी वैतागले. "आई, उद्या त्याला जेवायला विचारूच नका!"

दुसऱ्या दिवशी जिम आला तो आमचे फोनही न घेणाऱ्या प्लंबरला आणि इलेक्ट्रिशियनला घेऊन. तिघेही सरळ डायनिंग टेबलापाशी!

सासूबाईंनी पोळ्यांचा डबा काखोटीला मारला आणि शिडीकडे बोट दाखवलं.

"फर्स्ट काम. देन पोळी."