रुसलेली गाडी आणि तीन फडकी

सांगा बघू, ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवणारा माणूस पाहिलाय कधी? मी पाहिलाय. आमच्या शेजारचा थोंगदी! देवळाच्या उतारावर दोन्ही पाय ब्रेकवर, बूड सीटच्या वर अधांतरी, तोंडाने बुद्धाचं नाव... आणि गाडी आपली निवांत चाललीय लोकांच्या केळीत! एकोणतीस वर्षांची गाडी, ब्रेक दगडासारखा कडक, आणि खाली उतरून घाम पुसत थोंगदी म्हणतो काय? तर गाडीची देवी रुसली!

आता गाडीत देवी असते हे आमच्या डोंगरात शेंबडं पोरही सांगेल. आरशाला मोगऱ्याची माळ घालायची, हात जोडायचे, मगच किल्ली फिरवायची. पण थोंगदीचं सगळं चार बोटं जास्त. दोन वर्षांपूर्वी मठातल्या मोठ्या भन्त्यांनी मंतरलेलं तिरंगी फडकं दिलं, लोक ते पुढे काचेपाशी बांधतात, याने बॉनेट उघडून आत बांधलं, कारण देवीचा जीव म्हणे इंजिनात! हाताला लागला त्या जाड रबरी पाईपाला बांधलं, आणि सुटू नये म्हणून वरून तार पिळली. काही महिन्यांनी ब्रेक जड झाला. देवी रुसली! दुसरं फडकं, दुसरी तार. मग गाडी उभ्या जागी थरथरायला लागली, आतून फुसफुस यायला लागली... तिसरं फडकं, आणि या वेळी तार पक्कडीने!

त्याची बायको बुआलोय तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मी एवढ्यांदा रुसले, मला कधी चिंधी तरी आणलीत का?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं हो. पण तुम्हाला सांगते, दुसऱ्याच दिवशी भन्त्यांना घाट उतरून इस्पितळात न्यायचं होतं. मोतीबिंदू. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याच्या ऑपरेशनची तारीख चार महिने वाट बघून मिळालेली, आणि भन्त्यांनी स्वतः सांगितलेलं, जाईन तर थोंगदीच्याच गाडीतून. असलं पुण्य कुणी शेजाऱ्याला देतं का? आणि भन्त्यांना पुढे बसवून ब्रेकवर उभं राहायचं कसं? थोंगदीला दोन घास जाईनात.

शेवटी बुआलोयने त्याला चलेर्मच्या गॅरेजात धाडलं. चलेर्म शांत माणूस, दिवसाला दहा शब्द बोलतो. त्याने इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाचदा दाबायला लावला, मग म्हणाला, पाय तसाच ठेवा आणि चालू करा. चांगल्या गाडीत पाय जरा खाली जातो म्हणे. इथे पाय हलेना. थोंगदी कुजबुजला, "देवी रुसली रे..." चलेर्मने रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं बॉनेटखाली फिरवत राहिला, डॉक्टर छाती तपासतात ना, तस्सं! फिरत फिरत नळी थांबली ती बरोब्बर फडक्यांपाशी. फुस्स!

चलेर्मने आधी हात जोडून देवीची माफी मागितली. मग एकेक तार सोडली, एकेक फडकं घडी करून खिडकीतून थोंगदीच्या हातात दिलं. तिसऱ्याखाली पाईप चिरलेला, तारेने कापलेला, ही एवढी फट! चलेर्मने फटीवर अंगठा दाबला. फुसफुस बंद, थरथर बंद, आणि थोंगदीचा पाय अलगद लोण्यात गेल्यासारखा खाली.

"काका," चलेर्म म्हणाला, "देवी रुसली नव्हती. तुम्ही तिचा गळा आवळला होता."

म्हणे इंजिन त्या पाईपातून हवा ओढतं, त्या ओढीवरच ब्रेक हलका होतो. पाईप फाटला की सगळा जोर तुमच्या मांडीचा! नवा पाईप बसला, उतारावर एका पायाने गाडी थांबली, आणि देवीची शप्पथ घेऊन थोंगदी म्हणाला, आता बॉनेटच्या आत धागासुद्धा जाणार नाही. बुआलोयने हे दोनदा म्हणवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भन्ते आले, काचेपाशी आपलं फडकं दिसेना, देवीचा जीव इंजिनात हे थोंगदीकडूनच ऐकलेलं, म्हणून त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, आणि अधू डोळ्याने चाचपडत, हाताला जो पाईप सगळ्यात नवा लागला, त्यालाच झोळीतलं चौथं बांधलं.