पाण्यावरचं घर

मलकापूरच्या एसटीसाठी क्रांती रांगेत उभी होती. पुढं धोंडुबाई शेजारणीला मोबाईल दाखवत होत्या.

"काय बी उघडलं की काश्मीरचं हे पाण्यावरचं घर येतंय बघ."

"तू बघितलं असशील कवातरी."

"मी न्हाय. मोबाईल ह्यांचा. वारायच्या आधी त्यांनीच बघितलंतं. कुकी म्हणत्यात, नात सांगत हुती. काय बघितलं त्येची खूण ऱ्हाती, आन् तेच परत दावत्यात."

"तुला कधी बोलले न्हाईत?"

"म्हशीच्या दोन टायमाच्या धारा. बोलून काय करणार?"

"नातीला पुसायला सांग की."

"नको. परत बघितलं न्हाय तर महिन्यानं आपोआप जाती म्हणं ती खूण. म्हणून रोज सकाळी मी त्या घरावर बोट दाबतो."

एसटी लागली. धोंडुबाई जपून पायरी चढल्या, नावेत चढावं तशा.