आठवा डॉल्फिन

नाव : फिर्यादीत आहे तेच. कामावर मला सगळे नाकवाल्या ताई म्हणतात, तेही लिहावे, कारण त्याचा पुढे संबंध येतो. वय ३८. धंदा : प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. राहणार : बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानाच्या वर, दुसरा मजला.

समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती, सासूबाई व चार वर्षांचा मुलगा यांच्यासह राहते. गेली अकरा वर्षे मी सरांच्या हाताखाली काम करते. सर म्हणजे या प्रकरणातील फिर्यादी. किनाऱ्यावर मेलेले डॉल्फिन येऊन पडले की त्यांच्या अंगातले जंतू आम्ही प्लेटवर वाढवतो. ते जंतू माणसाच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत शिरून टिकतात का, हे शोधणे आमचे काम आहे. या वर्षी सात डॉल्फिन आले.

प्लेटवर हवा तो जंतू वाढला आहे की भलताच, हे जुनी माणसे झाकण उचलून वासावरून ओळखत. सरांनी मलाही तसेच शिकवले. असे करू नये, असे पुस्तकात लिहिले आहे. सरांचे नाक बारमाही चोंदलेले असल्याने वास घेण्याचे काम माझ्याकडे आहे.

पेशींसाठी माणसाचे रक्त लागते. रक्तपेढीने आमच्या पत्राला उत्तर दिले नाही, तेव्हा सर म्हणाले, "ताई, तुमचंच घेऊ या. घरचं माणूस आहात." रक्त माझे घेतले. माझ्या पेशींत जंतू शिरले, पण पेशींनी तीन दिवसांत त्यांचा फडशा पाडला. त्यावरून माणसाला धोका नाही, असा अहवाल वर गेला. सरांनी सगळ्यांसमोर माझ्या रक्ताचे कौतुक केले. मला तेव्हा बरे वाटले होते.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मला रोज संध्याकाळी ताप भरू लागला. कंबर धरली. घामाने उशी भिजते. माझे रक्त प्लेटवर टाकून पाहू, असे मी सरांना सांगितले. ते म्हणाले, "अहो, अहवालात काय लिहिलंय? तीन दिवसांत खलास. तुमचा ताप तर आठवड्याचा झाला. साधा व्हायरल असेल." सासूबाईंचे म्हणणे, "दिवसभर मेलेले मासे हुंगायचे आणि वर ताप का आला म्हणून विचारायचं." डॉल्फिन मासा नव्हे, हे मी त्यांना अनेकदा सांगितले आहे. बाकी त्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

दवाखान्यातील डॉक्टर म्हणाले, डॉल्फिनचा जंतू असेल तर त्यावरची औषधे सहा आठवडे घ्यावी लागतात, उगाच देता येत नाहीत, जंतू सापडल्याचा कागद आणा. तसा कागद देणारी जागा इथे एकच, ती म्हणजे आमची प्रयोगशाळा.

म्हणून दि. ६ रोजी, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, रजेवर असताना मी माझ्याकडच्या किल्लीने प्रयोगशाळा उघडली. स्वतःच्या हाताने स्वतःचे रक्त काढून बाटलीत घातले व बाटली इन्क्युबेटरमध्ये ठेवली. तिच्यावर माझे नाव असते तर सरांनी ती टाकून दिली असती. म्हणून 'डॉल्फिन क्र. ८' असे लिहिले व रजिस्टरातही तशीच नोंद केली. अक्षर माझे आहे. कुलूप तोडलेले नाही. काही चोरलेले नाही, उलट ठेवून आले.

दि. १२ रोजी सरांनी तो नमुना जातीने तपासला आणि रजिस्टरात लिहिले, 'डॉल्फिन क्र. ८ : रक्तात नेहमीचाच डॉल्फिनचा जंतू. भरघोस वाढ आढळली.' खाली सही, तारीख, शिक्का. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला घरी फोन केला. "ताई, लवकर बऱ्या होऊन या. आठवा फारच जोरात आहे." मी फोन ठेवला आणि पलंगावर बसून रडले. हे लिहिले नाही तरी चालेल.

सोमवारी सरांनी डॉल्फिन मोजले. सातच भरले. त्यावरून त्यांनी खोटा नमुना ठेवल्याची फिर्याद दिली.

माझे म्हणणे असे की, नाव खोटे आहे, नमुना खरा आहे. मला भीती वाटते. मुलाला मी पंधरा दिवस कुशीत घेतलेले नाही. हा रोग माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही, हे मी जबाब घेणाऱ्या साहेबांनाही सांगितले. परंतु त्यांनी खुर्ची खिडकीशी नेली, ती अजून तिथेच आहे.

रजिस्टर जप्त झाले आहे. त्या पानाची नक्कल मागितली असता, खटला उभा राहिल्यावर कोर्टात अर्ज करा, असे साहेबांनी सांगितले. या जबाबाची प्रत मात्र ठाण्याच्या शिक्क्यासह आजच मिळेल, असेही ते म्हणाले. म्हणून सरांची नोंद मी वर शब्दशः सांगितली आहे. साहेबांनी ती जप्त रजिस्टराशी लांबून ताडून पाहिली. जुळते.

हा जबाब शिपायांनी दारात उभे राहून मोठ्याने वाचला. 'भरघोस वाढ आढळली' इथे थांबवून मी तेवढे पुन्हा वाचायला लावले. मी बोलले तसेच उतरले आहे. सहीसाठी दिलेले पेन परत करू नये, असे मला कळवण्यात आले. डॉक्टरांना कागद दाखवायचा आहे आणि दवाखाना सात वाजता बंद होतो, तरी शिक्का आधी मारावा.