बाबा गेल्यापासून न फुगलेला पाव

"हॅलो?… हां आई, बोल… नाही नाही, डबा खातेय, बोल तू… परत?… आजचाही?"

बाबा गेल्यापासून आईचा पाव फुगत नव्हता. मैदा नेहमीच्याच दुकानातला होता, यीस्टचा डबा त्याच कंपनीचा, ओव्हन तोच आणि मळणारे हातही तेच. तरी दर खेपेला ओव्हनमधून वीट बाहेर येत होती.

"अगदीच बसला?… सुरी जात नाही म्हणजे? जोर लावून जाते, की करवत लागेल?… बरं. करवत… आणि आत भोकं?… एकही नाही. हं."

लेक पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. प्रयोगशाळेत जंतू वाढवण्याची उबदार पेटी होती आणि जागेअभावी तिची पाठ बाहेरच्या पॅसेजमध्ये आलेली होती. पेटीत जंतू वाढत आणि पॅसेजमध्ये कर्मचारी तिला पाठ टेकून डबे खात. थंडीच्या दिवसांत त्या जागेसाठी चढाओढ असे. आज लेकीला ती मिळाली होती.

"कोण येतंय?… वरच्या मजल्यावरच्या बाई? कशाला?… ओव्हन न्यायला? आज?… अगं ऐक ना, तू परस्पर देऊनही टाकलास?… नाही, ओव्हन तुझाच आहे, मी कुठे माझा म्हणतेय… हो… हो… हात गेला. हात गेला म्हणजे काय, आई? दोन्ही जागच्या जागी आहेत ना?… मी थट्टा नाही करत. बरं, थोडी करतेय."

तिने डब्याचं झाकण लावलं. जेवणातलं लक्ष उडालं होतं.

"मला एक सांग. ओव्हन गेला की पुढे काय?… 'काही नाही' कसं? दादा रविवारी येईल, ओव्हनची रिकामी जागा बघेल आणि म्हणेल, एकटीसाठी एवढं घर कशाला, चल माझ्याकडे. आणि या खेपेला तू हो म्हणशील… म्हणशील की. तुझ्या आवाजातच आहे ते… तुला जायचंय का दादाकडे?… मी वहिनीबद्दल विचारलंच नाही, वहिनी चांगलीच आहे. तुला जायचंय का?… मग?… घराला तू नकोशी झालीस, असं तुला पावाने सांगितलं?"

लेकीने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"आहेस ना?… रडू नकोस. रड हवं तर, पण मग माझ्या प्रश्नांची उत्तरंही दे. पाव न फुगायला कारण असतं, आणि ते शोधता येतं. माझी नोकरीच त्यावर चाललीये… बाई कधी येणार?… जेवण आटोपून. म्हणजे येतीलच. चल, पटपट सांग. कोमट पाण्यात साखर घालून यीस्ट टाकून बघ म्हटलं होतं, बघितलंस?… फेस आला?… किती?… पेल्याबाहेर सांडला. मग यीस्ट जिवंत आहे. यीस्टला कसलंही दुःख झालेलं नाही, आई… मीठ? दोनदा नाही ना पडलं?… बरं, बरं, मोजून घालतेस, माहीत आहे मला. आणि आदल्या दिवशीचा बिघाड?"

हा शब्द बाबांचा. त्या इटालियन पद्धतीच्या पावाला आदल्या संध्याकाळी थोडा मैदा, पाणी आणि चिमूटभर यीस्ट कालवून आंबत ठेवावं लागतं आणि दुसऱ्या सकाळी ते आंबवण मुख्य पिठात मळून घ्यावं लागतं. त्याचं इटालियन नाव 'बिगा'. आईने ते व्हिडिओतल्या बाईच्या तोंडून उचललं होतं. बाबांनी ऐकल्याबरोबर त्याचा बिघाड केला. "तुझा बिघाड झाकून ठेव गं, मांजर येईल," असं ते पलंगावरून सांगत. घरात मांजर नव्हतं.

"आंबवणाला वास येतो नीट?… आंबूस गोड. मग तेही ठीक आहे… थंडी? थंडी आहेच. पण गेल्या थंडीत तर फुगत होता… हो ना, तू फोटो पाठवला होतास, बाबांच्या डोक्यापेक्षा मोठा. त्यांनी तो डोक्याशेजारी धरला होता… हो. हसत होते."

लेकीने डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून लावलं.

"हां… हां, ऐकतेय. मग पीठ मळून झाल्यावर ठेवतेस कुठे?… 'तिथेच' म्हणजे?… बाबांच्या खोलीत? अजूनही?… नाही गं, ठेव की, कोण नको म्हणतंय. मी नुसतं विचारलं… हो, माहीत आहे, त्यांची राखण असायची."

आई पाव शिकली तीच बाबा आजारी पडल्यावर. त्याआधी बाबा बेकरीतून तो कडक कवचाचा पाव स्वतः घेऊन येत आणि बेकरीवाला भोकंसुद्धा तोलून विकतो म्हणून दर वेळी कुरकुरत. पुढे जिना उतरणं बंद झालं, मग पलंगावरून उतरणंही. त्यांना एकटं सोडून स्वयंपाकघरात थांबणं आईला नको वाटे, म्हणून ती पिठाचं भांडं त्यांच्या खोलीत आणून ठेवी आणि राखणीचं काम त्यांच्यावर सोपवी. पीठ फुगून झाकलेल्या फडक्याला टेकलं की बाबा चमचा पेल्यावर वाजवत. शेवटी शेवटी घास गिळवत नव्हता. तेव्हाही कवचाचा तुकडा हातात धरून ते त्याचा वास घेत आणि चमचा मात्र न चुकता वाजवत.

"आई… आई, असं नसतं. पीठ कुणाच्या नजरेची वाट बघत नाही… मला कळतंय तुला तसं का वाटतं ते. पण पिठाला डोळे नसतात, त्याला कोण बघतंय हेही कळत नाही. थंड वाटलं की ते आळसावतं, उबेत वाढतं, एवढंच त्याला कळतं. माझे जंतूही तसेच… हो, जेवताना जंतूंबद्दल बोलू नये. राहिलं."

पाठीमागच्या पेटीची ऊब स्वेटरमधून तिच्या पाठीत मुरत होती. ती टेकलेली होती ती सरळ झाली. मग तिने हात मागे नेऊन पत्र्यावर तळवा ठेवला.

"आई, भांडं नक्की कुठे असायचं?… स्टुलावर, कळलं. स्टूल कुठे?… खिडकीकडे. खिडकीकडे तर मशीन होतं… ऑक्सिजनचं मशीन गं, दुसरं कुठलं. त्याच्या कुठल्या बाजूला?… आई?… हॅलो?… ऐकू येतंय ना?… मग बोलत का नाहीस?"

"…"

"कुणी ओरडणार नाही. सांग… मागे. जाळीच्या मागे… हो, मला माहीत आहे मशीनवाला काय म्हणाला होता. मागची जाळी मोकळी ठेवा. चिठ्ठीच चिकटवली होती त्याने… तो आला की तू भांडं पलंगाखाली सरकवायचीस?… आणि बाबा पांघरूण खाली ओढून झाकायचे. दोघं मिळून. वा… नाही, हसत नाहीये मी."

ती हसत नव्हती. तिने पाठ भिंतीला टेकवली आणि डोळे मिटले. आई आता काय विचारणार हे तिला कळलं होतं, आणि खोटं उत्तर तिला देता येणार नव्हतं. आईला दिलासा हवा असला तरी नाही.

"हं… हं… बोल… शेवटच्या दिवशीही भांडं तिथेच होतं. म्हणून… म्हणून तुला वाटतं, बाबांना हवा कमी पडली… आई, थांब. थांब जरा. हे तू इतके दिवस एकटीच धरून बसलीयेस? दादालाही नाही सांगितलंस?… मलाही नाही."

"…"

"बरं. तू खरं विचारलंस, मी खरं सांगते. नुसतं बरं वाटावं म्हणून मी काही बोलत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. त्यावरून मार खाल्लाय मी. तर ऐक. स्टूल जाळीपासून किती लांब होतं?… हात लांब केला तर पोचायचा? कोपरापर्यंत, की पूर्ण?… पूर्ण हात. म्हणजे जाळी बंद नव्हती झाली. दुसरं, हवा कमी पडली की ते मशीन किंचाळतं. वीज गेली होती तेव्हा वरच्या बाई जिना उतरून आल्या होत्या, आठवतं?… भांडं मागे असताना एकदा तरी किंचाळलं?… एकदाही नाही. बरं. तिसरं. बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा. पाव तू रोज करत नव्हतीस. करायचीस त्या दिवशी चिमट्यावरचा आकडा कधी उतरलेला दिसला?… नीट आठव… घाई नको… नाही. तू तर सारखी बघायचीस, तुला दिसलं असतं."

पॅसेजमधून जाणाऱ्या सहकाऱ्याने तिच्याकडे पाहून भुवया उंचावल्या. तिने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आणि चौथं. शेवटच्या आठवड्यात बाबा आधी हॉस्पिटलात होते. तिथे भिंतीतून ऑक्सिजन येत होता, हवा तेवढा. तरी आकडा चढला नाही. मी शेजारी उभी होते, आई. डॉक्टरांनी नळी बदलली, मास्क बदलला, आकडा जागचा हलला नाही. हवा पुरेशी होती, ती घेणारी फुप्फुसं उरली नव्हती. म्हणून तर घरी न्या म्हणाले. तिथे तुझं भांडं नव्हतं ना?… नव्हतं… नाही. तुझ्यामुळे नाही. माझ्याकडे तसा एक जरी पुरावा असता तर मी गप्प बसले असते, पण हे बोलले नसते… हो… हो गं… रड. आता रड."

तिने फोन कानाशी धरून ठेवला. पलीकडचं रडणं वाढलं, कमी झालं. मग नळाचा आवाज आला. आईने तोंड धुतलं असावं. लेकीनेही ओढणीच्या टोकाने नाक पुसलं.

"आलीस?… पाणी पी थोडं. आता पावाचं ऐक. मशीनच्या मागच्या जाळीतून गरम हवा यायची, हो की नाही?… बाबा पाय तिकडे करून झोपायचे, बरोबर, म्हणूनच. ते मशीन दिवसरात्र चालू असायचं. त्याने खोली उबदार राहायची आणि त्या स्टुलावर तर सगळ्यात जास्त ऊब. पीठ वाढायला हवी तेवढी. तू पाव शिकलीस तेव्हापासून मशीन होतंच. त्याच्याशिवाय तू एकही पाव कधी केलेला नाहीस… हो. एकही नाही… परत कधी नेलं त्यांनी?… दुसऱ्याच दिवशी. आणि त्यानंतर तू पीठ ठेवलंस त्याच खोलीत, त्याच स्टुलावर, तेवढाच वेळ. फक्त मागे काही नव्हतं… म्हणून. एवढंच. हात गेलेला नाही तुझा."

"…"

"काय?… मशीन?… नाही आई. ते भाड्याचं होतं… नाही, परत मागवता नाही येणार… आवाजासाठी? झोप येत नाही?… हं. घरघर बंद झाली म्हणून जाग येते. मला वाटलंच नव्हतं… नाही गं, वेडेपणा नाही. पण ते आता दुसऱ्या कुणाच्या तरी पलंगाशी असेल. त्यांना लागत असेल ते… हो. असू दे त्यांच्याकडे."

तिने आवाज मुद्दाम कोरडा केला.

"ओव्हनमध्ये दिवा आहे ना, छोटा?… ओव्हन पेटवायचा नाही, नुसता दिवा लावायचा. भांडं आत ठेवायचं, दार बंद. तेवढी ऊब पुरते… राखण कोण करणार? काचेतून तूच बघ. फडक्याला टेकलं की… चमचा वाजव हवं तर. मला फोन लाव आणि वाजव. मी कामात असले तरी उचलेन… काय?… दार वाजलं?… त्याच असतील. सोबत कोण, त्यांचे मिस्टर? उचलायला आलेत… जा, उघड. मी थांबते. फोन बंद करू नको, आई, बाजूला ठेव नुसता."

पलीकडे पावलं लांब गेली, कडी निघाली, दोन बायकांचे आवाज एकमेकींत मिसळले. शब्द कळत नव्हते. लेक पॅसेजमध्ये उभी होती. तिची जागा आता सहकाऱ्याने घेतली होती. पेटीला पाठ लावून तो समाधानाने जेवत होता. दार पुन्हा लागल्याचा आवाज आला आणि मग सावकाश येणारी पावलं.

"हॅलो?… गेले? काय सांगितलंस?… ओव्हन गरम आहे, आज हात लावता येणार नाही… आहे का गरम?… नाही. सकाळचा पाव होऊन किती वेळ झाला आणि गरम कुठला असणार… मग उद्या येतील त्या… उद्याही गरमच असणार. बरं… बरं, आई… नाही, मी काही बोलले नाही. खोटं बोललीस ते तुझ्या वरच्या बाईंशी, माझ्याशी नाही… हो. ठेवते. मैदा आहे ना घरात?… मग संध्याकाळी बिघाड कालवून ठेव… हो. झाकून. मांजर येईल… हो. ठेव तू… तू ठेव आधी."

आईने फोन ठेवला. लेकीने डबा पिशवीत घातला, हात धुतले आणि प्रयोगशाळेचं दार ढकललं.

कारण असं होतं. खोलीत एक यंत्र होतं. ते दिवसरात्र चाले आणि मागच्या बाजूने उबदार हवा सोडी. ज्यांच्यासाठी ते आणलं होतं ते गेले, म्हणून ते परत गेलं. खोली गार पडली. पाव फुगत नव्हता तो एवढ्यासाठीच.