अंजनाच्या खांबांचा मांडव

मंडळी, भर उन्हात तुम्ही आलात. रावेरहून आलात, असोद्याहून आलात. मी किडेसरांची थोरली बहीण. बोलणं जड जातंय. पण गोड बोलायला मी उभी राहिलेली नाही.

हो, किडेसर! माझ्या भावाला हे नाव तुम्हीच दिलंत. शाळा सुटली की तो नाल्याकाठच्या अंजनाच्या रानात जायचा. भर दुपारी झाडावर रातकिड्यासारखा ओरडणारा एक किडा त्यानं हेरला होता. म्हणायचा, "अक्का, याचा सूर बाकीच्यांसारखा नाही." आपण हसलो. मग शहरातल्या तज्ज्ञांनी सांगितलं, हा किडा जगाला नवा आहे. झालं! किडेसर गावाची शान झाले.

तुम्ही सत्कार ठेवलात. मांडव घातलात. ओल्या सालीचे, ताजे खांब. भाऊ एका खांबापाशी थबकला. सालीला त्या किड्याची वाळकी कात चिकटलेली होती. त्यानं विचारलं, लाकूड कुठलं? आणि मांडवाचं सगळं पाहणारे नाना, तुम्ही कौतुकानं म्हणालात, "बठ्ठा खांब आपलाच नालाना शेतस, सर! मुद्दाम तठूनच आनात!" म्हणजे सगळे त्याच अंजनाच्या रानातले.

त्यानं शाल घेतली. तसाच मांडवातून निघून गेला. तुम्ही म्हणालात, सर भारावले. भारावले? त्याच्या मुठीत त्या कातेचा चुरा झाला होता, मंडळी.

या किड्याची पिलं वर्षानुवर्षं मातीत राहतात, मुळांचा रस पितात. झाड गेलं की तीही गेली. खांबांसाठी रानात गाडीवाट पडली. मग त्याच वाटेनं ट्रॅक्टर गेले. केळीच्या घडांना टेकू नकोत का? कुणा एकानं नाही, बठ्ठ्यांनी तोडलं.

तरी तो दर उन्हाळ्यात तिथं जाऊन बसायचा. परतला की मी विचारायची, "ऐकू आला का रे?" तो नुसतं पाणी मागायचा. यंदा मी विचारलंच नाही. गेल्या आठवड्यात तो गेला. माझा राग अजून गेलेला नाही.

आजच्या मांडवाचे खांब बघा. लोखंडी आहेत, भाड्यानं आणलेले. लाकूड आता आणणार कुठून?

नाना म्हणतात, दोन मिनिटं शांतता पाळू. नाना, त्या नाल्यात आपण ती कायमची करून ठेवली आहे. तरीही उभे राहा, मंडळी. आणि मान नीट खाली घाला.